तंगाखालची चामखीळ, मांडीतली गाठ, पापणीजवळचा चट्टा: घोडीला कोणतं मलम लावावं?

हातकणंगले_तबेला

काठेवाडी घोडी, वय ७, वजन अंदाजे ३५० किलो. पाच महिन्यांचं शिंगरू आहे, अजून पितंय. तीन ठिकाणी भानगड आहे.

डाव्या कोपराच्या मागं, जिथं तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) बसतो तिथं, दहाच्या नाण्याएवढी खरबरीत चामखीळ. तंग घासून दोनदा रक्त आलंय. मांडीच्या आत, कासेपासून चार बोटांवर, सुपारीएवढी गोल गाठ. कातडीखाली हलते, वरचे केस शाबूत. आणि उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला लागून केस गेलेला राखाडी चट्टा, आठ महिने आहे तसाच.

चट्ट्याला गजकर्ण समजून बुरशी-स्टेरॉइडचं मिश्र मलम दोन महिने लावलं, फरक शून्य. मेडिकलवाला एसायक्लोव्हिर लावा म्हणतोय. गावात कोण चुना-पापडखार सांगतंय, कोण मोरचूद, कोण शेपटीच्या केसानं बांधून टाक म्हणतंय. नेटवर इमिक्विमोड आणि फ्लुरोयुरॅसिल ही नावं दिसली. गोठा एकच आहे, शेजारी दोन म्हशी आणि एक गाय. गायीच्या सडांवर बारक्या चामखिळी आहेत, त्याचा काही संबंध?

आत्ता श्रावण चाललाय. तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू, तोवर खोगीर चढलं पाहिजे. मलम कोणतं, किती, किती दिवस, सगळं सविस्तर सांगा की राव.

---

अश्ववैद्य_करवीर

वर्णनावरून तिन्ही सारकॉइड वाटतात. घोडा, गाढव, खेचर यांच्या कातडीत सर्वांत जास्त आढळणारा ट्यूमर हाच. शरीरात दुसरीकडं, फुफ्फुसा-यकृतात, तो पसरत नाही. पण जागच्या जागी मुळं धरतो आणि डिवचला की चवताळतो. गायीच्या चामखिळीचा संबंध आहे: कारण गायीगुरांचाच पॅपिलोमा विषाणू, मुख्यतः प्रकार १ आणि २. माश्यांमार्फत आणि कातडीच्या बारीक जखमांतून तो घोड्याकडं येतो असं मानलं जातं. गाय विकायची गरज नाही. खरारा, दोर, मोरकी, फडकी वेगळी ठेवा आणि घोडीच्या अंगावर ओरखडे कमी होतील एवढं बघा. माणसाला हा विषाणू लागत नाही.

तुमच्या तीन गाठी मात्र सारकॉइडचे तीन वेगळे प्रकार आहेत, त्यामुळं एकच मलम तिन्हीला चालणार नाही. मलम वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच उतरतं. त्या हिशेबानं:

तंगाखालची खरबरीत चामखीळ म्हणजे व्हेरुकस प्रकार. उथळ असेल तर मलमाला सर्वांत योग्य हीच. दोनदा रक्त आलंय ही धोक्याची खूण आहे. वारंवार घासलं की हाच प्रकार फुलकोबीसारखा लाल, रक्ताळलेला फायब्रोब्लास्टिक होतो, मग मलम पुरत नाही. त्यामुळं तंग आजपासून बंद. वरून मऊ गादी लावून चालवणं नको.

मांडीतली सुपारी म्हणजे नोड्युलर. वरची कातडी धड, केस शाबूत, गाठ खाली. मलम तिथपर्यंत पोचणारच नाही; वरची चांगली कातडी तेवढी जळेल. ती काढायची असते, खाली सांगतो.

पापणीचा चट्टा ऑकल्ट प्रकारचा. याला हमखास गजकर्ण समजतात. फरक असा की गजकर्ण आठवड्यांत वाढतं, दोन-चार जागी उमटतं, शेजारच्या जनावराला लागतं आणि दोन-तीन महिन्यांत केस परत येतात. आठ महिने एका जागी बसलेला चट्टा गजकर्ण नव्हे. पापणीला यातलं कुठलंही मलम घरी लावू नका. इमिक्विमोड असो की फ्लुरोयुरॅसिल, डोळ्यात उतरलं तर बुबुळाला जखम होते. तिथं गाठीत बीसीजीचं (माणसांत क्षयाची लस म्हणून देतात ते) इंजेक्शन हा एक मार्ग आहे. दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं काही वेळा द्यावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तीव्र ॲलर्जीचा झटका येऊ शकतो, म्हणून आधी फ्लुनिक्सिन (सूज-वेदना कमी करणारं औषध) आणि ॲलर्जीविरोधी औषध देऊन, डॉक्टर समोर असतानाच. चट्टा वाढत नसेल तर दर पंधरवड्याला फोटो काढून नुसतं लक्ष ठेवणं हाही शहाणा निर्णय आहे. फोटोत शेजारी दहाचं नाणं धरा. ते २७ मिलिमीटरचं असतं, मोजायला सोपं.

स्टेरॉइडचं मिश्र मलम आजच बंद करा. पुढं इमिक्विमोड वापरायचं ठरलं तर स्टेरॉइड त्याच्या नेमकं उलट काम करतं.

आता तंगाखालच्या गाठीचं.

*फ्लुरोयुरॅसिल ५ टक्के.* पेशींचं विभाजन थांबवणारं कर्करोगाचं औषध. प्रचलित वेळापत्रक: पहिले ५ दिवस दिवसातून दोनदा, पुढचे ५ दिवस एकदा, नंतर दिवसाआड ५ वेळा. एकूण २० लेप, २० दिवस. दहाच्या नाण्याएवढ्या गाठीला हरभऱ्याएवढं मलम पुरतं. गाठीवर आणि भोवती अर्धा सेंटिमीटर एवढंच. त्यापलीकडं दोन बोटं रुंद व्हॅसलिनचं कडं. व्हॅसलिन आधी आणि औषध नंतर. उलट केलं तर औषध व्हॅसलिनबरोबर पसरतं. वर पट्टी बांधायची नाही, दाबून ठेवलं की जास्त भाजतं.

*इमिक्विमोड ५ टक्के.* हे पेशी मारत नाही, कातडीतली प्रतिकारशक्ती जागी करून गाठीवर सोडतं. आठवड्यातून ३ वेळा, एकाआड एक दिवस. प्रत्येक लेपाआधी कोमट पाणी आणि सौम्य साबणानं जुनं औषध धुऊन, सुटलेली खपली तेवढी काढायची. लागतात ४ ते ८ महिने. ३२ आठवडे धरले तर ९६ लेप. परिणाम चांगला आहे, पण घोडी दोन-तीन आठवड्यांनी हात लावू देईनाशी होते. तिथंच बहुतेक जण हार मानतात.

तुळशीच्या लग्नाचा हिशेब पाहता तुम्हाला त्यातल्या त्यात पहिलंच बसतं. एक मोठी अडचण आहे: शिंगरू. कोपराजवळ त्याचं तोंड सहज पोचतं आणि चाटलं तर विष आहे. पाच महिने झालेत, म्हणजे महिन्याभरात त्याचं दूध तोडायचंच आहे. आधी तोडा, दूध आटू द्या, मग भाद्रपदाच्या उत्तरार्धात सुरू करा. तोवर पाऊस आणि माश्याही थोड्या कमी होतात. २० दिवसांचा कोर्स आणि नंतर भरायला ६ ते ८ आठवडे, म्हणजे कार्तिकाच्या शेवटापर्यंत. खोगीर त्यानंतरच, आणि नवी कातडी केस धरेपर्यंत तंग दोन बोटं मागं-पुढं सरकवून. केस पांढरे येण्याची शक्यता आहे, ते मनाशी धरून चाला.

घोडी परत गाभण असेल तर फ्लुरोयुरॅसिल विसरा. आधी तपासून घ्या.

---

औषधवाला_शाहूपुरी

डॉक्टरांनी मात्रा सांगितली, मी हाताळणीचं सांगतो. दोन्ही मलमं माणसांची आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. घोड्यासाठीही पशुवैद्यकाची चिठ्ठी लागेलच.

फ्लुरोयुरॅसिल घेताना ट्यूबवर ५ टक्के आहे का बघा. १ टक्क्याचंही येतं, आणि ते लावून "मलमानं काही होत नाही" म्हणणारे बरेच असतात. नायट्राइलचे हातमोजे घाला, घरी भाजी चिरताना घालतात ते पातळ प्लॅस्टिकचे नव्हेत. बोटाऐवजी लाकडी चपटी काडी वापरा. गर्भार बाईनं किंवा अंगावर पाजणाऱ्या आईनं ना ट्यूबला हात लावायचा ना लेप दिलेल्या जागेला.

आणि कुत्रं. तबेल्यात एक तरी असतंच. १० ग्रॅमच्या ५ टक्के ट्यूबमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध असतं. दहा किलोच्या कुत्र्यानं ती चावून फोडली तर जीव जाण्याएवढं आहे. झटके येतात, रक्ताची उलटी होते, आणि त्याला उतारा नाही. ट्यूब कुलुपात. वापरलेले मोजे, काडी, गळून पडलेली खपली पिशवीत गाठ मारून. उकिरड्यावर टाकू नका.

इमिक्विमोडच्या पुड्या २५० मिलिग्रॅमच्या येतात, एका पुडीत साधारण २० चौरस सेंटिमीटर जागा भागते. तुमच्या गाठीला कडेसकट अर्धी पुडी पुरेल. उरलेली उद्यासाठी चिमटा लावून ठेवतात, ते करू नये. पुडी एकदाच वापरायची.

एसायक्लोव्हिरबद्दल: स्वस्त आहे, भाजत नाही, म्हणून लगेच सुचवलं जातं. सुरुवातीच्या एका अभ्यासात बरे परिणाम दिसले होते, पण २०१७ साली औषधाचं मलम आणि औषध नसलेलं नुसतं मलम, कुठलं कोणतं ते लपवून तुलना केली तेव्हा दोन्हीत फरक निघाला नाही. कारणही समजण्यासारखं आहे. हे औषध नागिणीच्या जातीच्या विषाणूंवर चालतं, कारण त्यांच्याकडं ते जागं करणारं एक एन्झाइम असतं. पॅपिलोमा विषाणूकडं ते नाही.

चार्मिल, हिमॅक्स, टॉपिक्युअर ही जखमेची औषधं आहेत. ट्यूमरवर त्यांचा उपयोग नाही, आणि कोर्स चालू असताना "जरा आराम पडू दे" म्हणून वरून फासूही नका.

---

मोतद्दार_बुधवारपेठ

डॉक्टरनी आणि भाऊंनी सांगितलं ते बरोबर, पण घोडी उभी राहिली तर. तेवढं लिहितो.

चौथ्या-पाचव्या दिवशी जागा लाल होते, सुजते, लस गळते. आठव्या-दहाव्या दिवशी वास मारतो, कडा पांढऱ्या पडतात. हे बघून बहुतेक लोक औषध थांबवतात आणि हळद-तेल लावतात. तिथंच सगळं वाटोळं. वरचा थर गेलेला असतो, मूळ खाली तसंच, आणि महिन्या-दोन महिन्यांत दुप्पट उगवतं. थांबवायचं असेल तर डॉक्टरला विचारून थांबवा. लंगडली, चारा सोडला, सूज पायात उतरली, तर मात्र लगेच फोन.

खपली सुकून काळी झाली की ओढू नका. नखानं उचकटायची लई सवय असते आपल्याला. आपोआप पडेल.

घोडी कोपराजवळ तोंडानं चावायला बघते. मानेला लाकडी पट्ट्यांची माळ घाला, म्हणजे मान मागं वळत नाही. वळली तरी पोचत नाही. नुसती मुसकी बांधली तर दाताऐवजी मुसकीनंच घासते. अगाडी (पुढचा दोर) आखूड बांधून दिवसभर ठेवू नका, पाय सुजतात. लेपानंतर तासभर पुरे, मग माळ घालून मोकळी सोडा. बसायला गादी जाड टाका, कोपर जमिनीवर घासतो.

लेप लावताना डाव्या बाजूनं खांद्याला खेटून उभं राहायचं, मागच्या पायाच्या टप्प्यात नाही. पहिल्या आठवड्यात चंदीची बादली समोर धरली की चालतं. दुसऱ्या आठवड्यात चालत नाही, तेव्हा वरच्या ओठाला चिमटा किंवा डॉक्टरकडून गुंगीचं इंजेक्शन. मारामारी करून लावलेलं औषध गाठीवर कमी आणि तुमच्यावर जास्त पडतं.

माश्यांसाठी: लीद दिवसातून दोनदा काढा, मूत साचू देऊ नका, गोठ्यात पंखा लावा. चावरी माशी वाऱ्यापुढं टिकत नाही. फवारा अंगाला, जखमेला नाही. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हशी-गायीच्या गोचिडाचं अमिट्राझ घोडीला कधीच नाही. घोड्याची आतडी बंद पडतात, पोटशूळ होतो. एकाच गोठ्यात एकाच बादलीतलं औषध सगळ्यांना मारतात, म्हणून सांगितलं.

---

पन्हाळा_रोड

मध्येच विचारतो, राग मानू नका. आमच्या वरातीच्या पांढऱ्या घोड्याला, वय १६, शेपटीच्या दांड्याखाली आणि गुदाभोवती काळ्या गोट्या आल्यात, द्राक्षाच्या घडासारख्या. हेच मलम चालेल काय?

---

अश्ववैद्य_करवीर

@पन्हाळा_रोड नाही. ओठ आणि शेपटीखालची कातडी काळी आहे का बघा. कातडी काळी आणि केस वयानं पांढरे झालेले असतील तर तो खरं म्हणजे करडा घोडा, आणि शेपटीखालच्या काळ्या गोट्या म्हणजे मेलानोमा, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा ट्यूमर. पंधरा वर्षांपुढच्या करड्या घोड्यांत बहुतेकांना होतो. वर्षानुवर्षं संथ असतो, पण वरून लावायच्या मलमाला दाद देत नाही. छोट्या असतानाच काढून घेणं सोपं. लीद टाकायला अडथळा येईपर्यंत थांबू नका. अशा घोड्याच्या घशाखाली, कानामागं गाठी हाताला लागतात का तेही चाचपा.

घोडा जन्मापासून पांढरा आणि कातडी गुलाबी असेल, म्हणजे नुकरा, तर भीती वेगळी. उन्हानं पापणी, नाकपुडी आणि लिंगाच्या त्वचेवर न भरणारा व्रण होतो, तो स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कर्करोग. लिंगावरच्या उथळ व्रणाला फ्लुरोयुरॅसिल चालतं, पण ते दोन आठवड्यांतून एकदा, डॉक्टरच्या हातानं. नुकऱ्याला दुपारी सावलीत बांधा, नाकाला झिंक ऑक्साइड लावा.

दोघांसाठी एक सावधानता: पावसाळ्यात आपल्याकडं ओल्या, खाजऱ्या, पिवळे खडे असलेल्या जखमा होतात, ज्याला जुने लोक बरसाती म्हणतात. ती माशीनं सोडलेल्या जंताच्या अळ्यांनी होते आणि आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधानं, किलोला ०.२ मिलिग्रॅम तोंडावाटे, उतरते. पंचगंगेच्या किंवा तळ्याच्या साचलेल्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पायाला, पोटाला झपाट्यानं वाढणारी, पोवळ्यासारखे कडक खडे निघणारी जखम झाली तर पायथिओसिसचा (पाण्यातल्या बुरशीसारख्या जीवाचा संसर्ग) संशय घ्या. तिथं एकेक आठवडा मोलाचा. दोन्ही सारकॉइडसारखे दिसू शकतात, आणि दोन्हीवर ट्यूमरचं मलम लावणं म्हणजे वेळ घालवणं.

---

हातकणंगले_तबेला

लई उपकार झाले सगळ्यांचे. घोडी गाभण नाही, मागल्या आठवड्यात तपासलीय. तंग काढला, मिश्र मलम बंद केलं. दोन शंका. मांडीतली गाठ कापली तर परत येते म्हणतात, मग कापायची कशाला? आणि चुना, मोरचूद, केसानं बांधणं यातलं काहीच नको काय?

---

अश्ववैद्य_करवीर

चुना-पापडखार, मोरचूद, रुईचा चीक, बिब्बा: सगळ्यांचं काम एकच, वरचं मांस जाळणं. सारकॉइडची मुळं दिसणाऱ्या कडेच्या पुढं गेलेली असतात. वरचं जळतं, खालचं डिवचतं. परदेशी 'काळं मलम' म्हणून झिंक क्लोराइड आणि एका झाडाच्या मुळीचं जे मिश्रण विकतात, तेही जाळणारंच. चांगलं मांस आणि गाठ यात ते भेद करत नाही.

केसानं बांधण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. देठ बारीक असेल तर आम्हीही रबरी कडं चढवतो. पण देठ चिमटीत धरून बघायचा. चिमटीत नुसती दुपदरी कातडी लागली, आत दोरीसारखं कडक काही नाही, तरच. तुमची गाठ कातडीखाली आहे, तिला देठच नाही. तिथं बांधायला जाल तर कातडी तुटेल आणि गाठ उघडी पडेल.

कापण्याबद्दल ऐकलंत ते खरं आहे: नुसती काढून शिवली तर निम्म्याच्या आसपास परत येतात, बऱ्याचशा पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून नुसती काढायची नसते. भोवतीची एक ते दीड सेंटिमीटर चांगली कातडी घेऊन, गाठीला ब्लेड न लावता, आणि शिवण्याआधी मोजे-हत्यारं बदलून. कारण गाठीच्या पेशी हत्याराबरोबर जखमेत पेरल्या जातात. जोडीला तळाशी द्रव नायट्रोजननं गोठवणं, किंवा सिसप्लॅटिनचं इंजेक्शन. सिसप्लॅटिन निर्जंतुक तिळाच्या तेलात घोटून, गाठीच्या दर घन सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम, दोन आठवड्यांच्या अंतरानं चार वेळा. तेलात घोटल्यामुळं ते जागेवर टिकतं, रक्तात पटकन वाहून जात नाही. तेही कर्करोगाचंच औषध, घरी करायचं काम नाही.

नायट्रोजन कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी दवाखान्यांत असतोच, म्हणून "तोच कापसानं लावा" असं कोणी सुचवेल. कापसानं वरची कातडी गोठते, तळ नाही. तळाचं तापमान उणे २० ते २५ अंशांपर्यंत उतरलं हे सुईच्या तापमापकानं बघावं लागतं, मग पूर्ण वितळू देऊन परत एकदा गोठवायचं.

कासेजवळची जागा आहे, शिंगरू तुटल्यावरच करा. तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आधी फोनवर विचारा. घोडी गाडीत चढवून मग विचारू नका.

आणि नुसता तुकडा काढून तपासायला पाठवणं टाळा. अर्धवट छेडलेली गाठ वाढते. काढाल तेव्हा अख्खी पाठवा.

---

हातकणंगले_तबेला

पाठवायची कशी? मागं एका म्हशीचा नमुना सडलेला म्हणून परत आला होता.

---

अश्ववैद्य_करवीर

फॉर्मलिन कमी पडलं असेल, किंवा गाठ आख्खी टाकली असेल. १० टक्के फॉर्मलिन, गाठीच्या आकारमानाच्या दहापट. सुपारीएवढ्या गाठीला पाव लिटर तरी. गाठ एका बाजूनं मधोमध चिरा, पण पूर्ण तोडू नका, म्हणजे आतपर्यंत द्रव जातो. बरणी रुंद तोंडाची घ्या. मांस कडक होतं आणि अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. पोटाच्या बाजूच्या कडेला एक टाका काळ्या दोऱ्याचा आणि कासेच्या बाजूला दोन टाके, म्हणजे गाठ कडेपर्यंत पोचली असेल तर कुठल्या कडेला ते कळतं आणि परत तिथंच बघता येतं. बर्फात ठेवू नका, गोठलं की पेशी फुटतात. चिठ्ठीवर वय, जागा, किती महिन्यांपासून, आणि आधी कोणकोणती मलमं लावली ते सगळं लिहा. स्टेरॉइडचंसुद्धा.